काँक्रीट ब्लॉकची उंच भिंत

सिमेंट, खडी आणि वाळू (आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड) साच्यात दाबून केलेले ठोकळे सिमेंटच्या मालात सांधेमोड पद्धतीने रचून उभी केलेली भिंत. ठोकळे भरीव, पोकळ आणि हलके वातयुक्त (एएसी) अशा तीन प्रकारचे असतात. पहिल्या दोन प्रकारांना आयएस २१८५ या भारतीय मानकाचा भाग १ लागू होतो, एएसीला भाग ३. यांत्रिक ब्लॉकनिर्मितीचा पाया अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राने घातला. पुणे परिसरात ब्लॉक जाडीवरून ओळखला जातो : चार इंची, सहा इंची, आठ इंची.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शेतजमिनींवर बांधकामांची दाटी झाली. इथल्या बांधकामात ब्लॉक दोन अगदी वेगळी कामे करतो. टॉवरमध्ये तो आरसीसीच्या चौकटीत भरला जातो. वर बीम, खाली बीम, बाजूंना कॉलम अशी ती भिंत चारही बाजूंनी धरलेली असते आणि इमारतीचा भार तिच्यावर नसतो. वीस मजल्यांची ब्लॉकभिंत ही प्रत्यक्षात सुमारे तीन मीटरच्या वीस स्वतंत्र भिंतींची चळत असते. तोच ब्लॉक प्लॉटच्या कडेने वॉल कंपाउंड म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याला फक्त खालचा आधार असतो. गवंडी तोच, माल तोच, ब्लॉकही तोच. त्यामुळे टॉवरमध्ये जे टिकते ते कुंपणातही टिकेल असे गृहीत धरले जाते, आणि खरा धोका त्या समजुतीत आहे.

भिंत चिरडून पडत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. घन मीटरला २,००० किलो घनतेच्या भरीव ब्लॉकची ३ मीटर उंच भिंत पायथ्याशी स्वतःच्या वजनाने चौरस मिलिमीटरला साधारण ०.०६ न्यूटन दाब देते. साध्या भरीव ब्लॉकची दाबशक्ती ४ न्यूटन असते, म्हणजे साठपटींहून जास्त. म्हणून ‘ब्लॉक एक नंबरचा आहे’ या खात्रीने उंचीचा प्रश्न सुटत नाही. भिंत आडवी पडते. तिला पाडणारा जोर वाऱ्याचा, मातीचा, पाण्याचा किंवा भूकंपाचा असतो आणि तो बाजूने येतो.

वाऱ्याचे गणित असे. आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. त्यावरून दाब चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन येतो. आजूबाजूच्या इमारतींचा आडोसा आणि कुंपणाचे कमी धरलेले आयुष्य यांची सूट दिली, तर तो ६०० ते ६५० पर्यंत उतरतो. ६०० धरले तरी ३ मीटर उंच भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला उलथवणारा आघूर्ण २,७०० न्यूटन-मीटर होतो. भिंत २०० मिमी जाड आणि भरीव ब्लॉकची असेल, तर तिचे वजन याला जेमतेम १,१८० न्यूटन-मीटरने विरोध करते. उरलेला भार मालाच्या सांध्याने ताणात घ्यायचा. पण ब्लॉक आणि माल यांची ताणातली पकड अगदी तोकडी असते, आणि पहिल्या थराखाली ओल धरली किंवा तडा गेला की तीही संपते. उंची दुप्पट केली की वाऱ्याचा आघूर्ण चौपट होतो, वजनाचा विरोध मात्र फक्त दुप्पट. कुंपणावर ‘अजून दोन-तीन थर चढवा’ असे सांगणाऱ्याला हे माहीत असते तर पुष्कळ भिंती वाचल्या असत्या. एएसी ब्लॉकची स्थिती आणखी नाजूक आहे. चौकटीत हलकेपणा हा त्याचा गुण, कारण इमारतीवरचा भार आणि भूकंपाचा जोर दोन्ही कमी होतात. मोकळ्या भिंतीत मात्र तोच दोष ठरतो, कारण वाऱ्याला अडवायला वजनच उरत नाही.

आयएस १९०५ (१९८७) ही दगडी, विटांच्या आणि ब्लॉकच्या बांधकामाची संहिता मोकळ्या भिंतीसाठी उंची आणि जाडी यांचे गुणोत्तर ठरवून देते. वाऱ्याचा दाब २८५ न्यूटनपर्यंत असल्यास १०, ५७५ ला ७, ८६० ला ५ आणि १,१५० ला ४. हिंजवडीच्या दाबाला आठ इंची भिंत खांबांशिवाय १ ते १.४ मीटरच चढवता येते. सहा इंची तर मीटरच्या आसपासच थांबायला हवी. त्याहून उंच जायचे तर जाडी वाढवावी, किंवा अडीच-तीन मीटरवर आरसीसी खांब आणि प्लिंथला, मध्ये व माथ्याला आडव्या पट्ट्या घ्याव्यात. खांबाच्या सळया फुटिंगमधून वर आलेल्या असल्या तरच तो खांब. प्लिंथवर नुसता टेकवलेला खांब शोभेचा असतो, पाडणाऱ्या जोराला तो काहीच विरोध करत नाही. महामंडळाच्या क्षेत्राबाहेर लागू असलेली राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली कुंपण सर्वसाधारणपणे १.५ मीटरवर थांबवते आणि वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीसारखा खुला ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत जाऊ देते. स्थापत्याच्या दृष्टीनेही हे योग्य आहे : जिथे वाऱ्याची तरफ सर्वांत लांब, तिथेच वाऱ्याला वाट मिळते.

पोकळ ब्लॉकच्या पोकळ्यांत उभ्या सळया सोडून काँक्रीट भरले की भिंत ताणही घेऊ शकते. अमेरिकेत गोदामांच्या उंच भिंती अशा बांधतात. तिथला सुरक्षा नियम सांगतो की आठ फुटांहून उंच भिंतीला कायमचा आधार मिळेपर्यंत तात्पुरते धिरे द्यायचे आणि भिंतीच्या उंचीत चार फूट मिळवून तेवढा पट्टा माणसांसाठी बंद ठेवायचा. ओला माल असलेली भिंत सर्वांत दुबळी असते. म्हणूनच आपल्याकडचे जाणते मिस्त्री दिवसाला मीटर-दीड मीटरपेक्षा जास्त उंची चढवत नाहीत.

हिंजवडीच्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. बेसाल्टवर मुरूम आणि त्यावर अनेक ठिकाणी काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कुंपणाचा पाया तिच्यातच थांबवला तर भिंत दरवर्षी वरखाली होते आणि तिरके तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा, आणि भिंतीत ६ ते ८ मीटरवर सांधा सोडावा. उतारावरचे प्लॉट सपाट करताना एका बाजूला भराव येतो, आणि कालपर्यंतचे कुंपण आज माती अडवू लागते. दोन मीटर भराव कोरडा असताना मीटर लांबीला साधारण १२ किलोन्यूटन रेटा देतो. पाणी माथ्यापर्यंत साचले की तोच २५ च्या वर जातो. पाणी बाहेर काढणारी भोके आणि त्यांच्यामागे खडीचा थर नसेल, तर साध्या ब्लॉकभिंतीला हे झेपणारे नाही. माती अडवायला ब्लॉकचे कुंपण वापरूच नये. तिथे आरसीसीची किंवा वजनदार दगडी धारकभिंतच हवी.

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढवा येथे गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले, त्यांत लहान मुलेही होती. चारच दिवसांच्या आत आंबेगाव बुद्रुक येथे भिंत पडून सहा मजूर गेले आणि मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर पडून पंचवीसहून अधिक बळी गेले. या भिंतींची बांधणी एकसारखी नव्हती; पण तिन्ही ठिकाणी मुसळधार पाऊस होता आणि भिंतीच्या पायथ्याशी माणसे झोपलेली होती. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या कुंपणाला टेकवून बांधण्याची रीत पुणे परिसरात आजही दिसते, कारण त्यामुळे एका बाजूचा पत्रा वाचतो. भिंतीच्या उंचीइतके तरी अंतर सोडणे हा या सगळ्या विषयातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो न करण्याला कोणतेही समर्थन नाही.

चौकटीतली भिंतही आपोआप सुरक्षित होत नाही. एडिंबरोच्या ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची बाहेरची भिंत जानेवारी २०१६ च्या वादळात कोसळली. मुले शाळेत येण्यापूर्वी ती पडली म्हणून जीवितहानी टळली. त्या भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या पुरेशा रुतलेल्या नव्हत्या, असे चौकशीत निघाले. आपल्याकडे हीच चूक कॉलमच्या सांध्यात होते : कॉलममधून भिंतीत येणाऱ्या सळया सोडायच्या राहतात आणि प्लास्टर तो दोष झाकते. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे. अशी न बांधलेली भिंत हादऱ्यात चौकटीबाहेर पडते. वरचा थर बीमखाली लगेच घट्ट ठोकू नये, नाहीतर बीम वाकताच भार भिंतीवर येतो. ब्लॉक विटांसारखे भिजत घालायचे नसतात. ओले ब्लॉक रचले तर वाळताना आकसतात आणि भिंत उभी तडकते.

उभी असलेली भिंत तपासायला ओळंबा पुरतो. ३ मीटर उंच, २०० मिमी जाड भिंतीचा माथा पायथ्यापेक्षा सुमारे ६७ मिमी बाहेर झुकला, की वारा नसतानाही पायथ्याच्या मागच्या कडेवरचा दाब संपतो. पोट काढलेली भिंत, पहिल्या थराशी लांबवर गेलेला आडवा तडा, पावसाळ्यात कोरडीच राहणारी पाण्याची भोके ही तिन्ही लक्षणे दिसताच पायथा रिकामा करून अभियंत्याला बोलवावे. तीन मीटरच्या भिंतीचा एक मीटर उतरवला, तर वाऱ्याचा आघूर्ण निम्म्याहून कमी होतो. उतरवताना दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून, परांचीवरून, वरच्या थरापासून एकेक ब्लॉक काढावा. मागे भराव असल्यास आधी तो उपसावा.