मोकाट कुत्र्यांपासून संरक्षण

मोकाट कुत्र्यांपासून संरक्षण म्हणजे पाळीव कुत्र्याला पट्ट्याने बांधून फिरवताना आक्रमक कुत्र्यांच्या हल्ल्यापासून स्वतःचा व त्याचा बचाव करणे होय.

कारणे

मोकाट कुत्री टोळीने हद्द राखतात व हद्दीत आलेल्या परक्या कुत्र्यावर धावून जातात. उकिरडे व मटणाची दुकाने यांभोवती त्यांची संख्या अधिक असते. भाद्रपदाच्या सुमारास येणारा माजाचा हंगाम आणि त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले झालेली मादी यांमुळे आक्रमकता वाढते. ताठ शेपूट, उभे केस व गुरगुरणे ही हल्ल्याची पूर्वलक्षणे आहेत.

बचाव

* हातात काठी असावी व पट्टा आखूड धरावा.
* पळू नये, नजर रोखू नये. पाळीव कुत्र्याला मागे घेऊन हळूहळू मागे सरावे.
* खाली वाकून दगड उचलल्याचा आविर्भाव केल्यास अनेक कुत्री मागे हटतात. दगड मारू नये.
* झुंज लागल्यास मध्ये हात घालू नये. पाणी ओतावे किंवा मोठा आवाज करावा.

चावा घेतल्यास

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो; त्यापूर्वी उपचार घेतल्यास तो टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी; तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लसीकरण सुरू करावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा ०, ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. रक्त येणाऱ्या जखमेसाठी रेबीज प्रतिद्रव्यही (इम्युनोग्लोब्युलिन) आवश्यक असते. जखमी पाळीव कुत्र्यास आधी लस दिलेली असली तरी पशुवैद्यकाकडे न्यावे.

कायदा

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ (तालुका मेहकर) यांसारख्या गावांत ही स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत होय. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी नसबंदी व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितले; रेबीजबाधित व आक्रमक कुत्री मात्र यातून वगळली. पाळीव प्राण्यापासून धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.