हुशार मुलांच्या शाळेचें दार

न्यूयॉर्क शहरांत सरकारी शाळेंत मूल घालण्यास पैसा पडत नाहीं. असें असूनहि तेथील कांहीं शाळांच्या दारापुढें आईबापांची जी धांदल उडते, ती पाहून नवख्या माणसास वाटावें कीं आंत कांहीं दुर्मिळ माल वाटावयास काढला आहे. माल एकच : कुशाग्र बुद्धीच्या मुलांसाठीं राखून ठेवलेली वर्गांतील जागा. ती कोणास द्यावी, आणि हें ठरवावें कोणीं, या प्रश्नावरून त्या शहरांत शंभर वर्षें वाद चालत आला आहे. आणि त्या वादांत शिक्षणशास्त्रज्ञांपेक्षां आईबापांचाच आवाज पुष्कळदां मोठा ठरला आहे.

या इतिहासाच्या मुळाशींच एक विसंगति आहे. बुद्धि मोजण्याची पहिली व्यवहार्य कसोटी आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानें थिओडोर सिमों याच्या साह्यानें १९०५ सालीं तयार केली, ती अभ्यासांत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांस मदत करतां यावी म्हणून. तीच कसोटी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लुइस टर्मन यानें १९१६ सालीं तिला नवें रूप दिलें, आणि १९२१ पासून असामान्य मुलें निवडून काढण्यास तिचा उपयोग केला. सुमारें दीड हजार मुलें त्याच्या चाळणींत वर राहिलीं. गंमत अशी कीं, विल्यम शॉकली व लुइस अल्वारेझ हे दोन मुलगे त्या चाळणींतून खालीं गळले, आणि दोघांसहि मोठेपणीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवडलेल्यांपैकीं तें एकासहि मिळालें नाहीं.

न्यूयॉर्कमध्यें या कार्याचा पाया घातला तो लेटा हॉलिंगवर्थ या बाईनें. नेब्रास्का प्रांतांतील ही शिक्षिका १९०८ सालीं लग्न करून न्यूयॉर्कला आली, तों तिला कळलें कीं विवाहित स्त्रीस या शहराच्या शाळा नोकरी देत नाहींत. शाळेचें दार बंद झालें म्हणून ती मानसशास्त्राकडे वळली व टीचर्स कॉलेजांत अध्यापिका झाली. १९२२ सालीं मॅनहॅटनमधील १६५ क्रमांकाच्या सरकारी शाळेंत तिनें असामान्य बुद्धीच्या मुलांचे खास वर्ग चालविले, आणि १९३६ सालीं स्पेयर स्कूल या नांवाच्या शाळेंत तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर मांडला. पुढील इयत्तेचीं पुस्तकें आधींच मुलांच्या गळीं उतरवावीं, असा तिचा बेत नव्हता. अन्न, वस्त्र, निवारा, दळणवळण या रोजच्या गोष्टी मनुष्यानें कशा साधल्या, याचा शोध मुलांनींच ग्रंथालयांत बसून घ्यावा, अशी तिची रीत होती. त्याच शाळेंत मंद गतीनें शिकणाऱ्या मुलांचेहि वर्ग होते, आणि त्यांची संख्या अधिक होती. ही शेवटची गोष्ट पुढें लोक सोयीस्करपणें विसरले. बाई १९३९ सालीं वारल्या.

माध्यमिक शाळांची कथा याहून निराळी आहे. स्टायव्हसंट हायस्कूल १९०४ सालीं निघालें तें मुलग्यांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठीं. ब्रुकलिन टेक १९२२ सालीं व ब्रॉंक्स सायन्स १९३८ सालीं निघालें. जागांपेक्षां उमेदवार फार झाले तेव्हां प्रवेशपरीक्षा आली. त्या काळीं पूर्व युरोपांतून आलेलीं गरीब यहुदी कुटुंबें शहराच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबत होतीं. बापास इंग्रजी धड बोलतां येत नसे. वशिला तर नव्हताच. अशा घराला परीक्षा हा अन्याय वाटला नाहीं. नांव न विचारतां उघडणारें तें एकच दार होतें, आणि त्यांतून आंत गेलेलीं मुलें डॉक्टर, इंजिनीयर, शास्त्रज्ञ होऊन बाहेर पडलीं.

मुलींना मात्र तें दार बराच काळ बंदच होतें. ब्रॉंक्स सायन्सनें १९४६ सालीं त्यांना घेतलें. स्टायव्हसंटचें दार उघडावयास ॲलिस डी रिव्हेरा या तेरा वर्षांच्या मुलीस कोर्टाची पायरी चढावी लागली. १९६९ सालीं शाळामंडळानें माघार घेतली व मुली आंत आल्या. परंतु तिच्या घरच्यांनीं तोंवर शहर सोडल्यामुळें ती स्वतः त्या शाळेंत कधींच गेली नाहीं.

१९७१ सालीं मोठा संघर्ष झाला. या परीक्षेचा कल विशिष्ट संस्कारांत वाढलेल्या मुलांकडे आहे, कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन मुलांवर तिच्यामुळें अन्याय होतो, अशी तक्रार पुढें आली. शहराचे शिक्षणप्रमुख हार्वे स्क्रिब्नर यांनीं चौकशीसाठीं समिति नेमण्याचें ठरविलें, एवढ्यानेंच पालक व माजी विद्यार्थी खवळून उठले. त्यांनीं राज्याच्या विधिमंडळाकडे धांव घेतली. आणि त्याच वर्षीं हेक्ट व कॅलँड्रा या दोन प्रतिनिधींच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. या शाळांचा प्रवेश केवळ लेखी स्पर्धापरीक्षेवरच व्हावा, असें त्यानें ठरविलें. थोड्या गुणांनीं मागें राहिलेल्या गरीब मुलांसाठीं उन्हाळी वर्गांची एक खिडकी त्यांत ठेवली होती, पण ती कित्येक वर्षें किलकिलीच राहिली. शाळेची प्रवेशपद्धति विधिमंडळानें कायद्यांत जखडून टाकावी, हें विलक्षणच म्हटलें पाहिजे. भारतांत नवोदय विद्यालयें निघालीं — त्यांपैकीं अगदीं पहिल्या दोहोंत अमरावतीचें एक — तीं देखील परीक्षेनेंच मुलें निवडतात. परंतु तेथें निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागास व एकतृतीयांश मुलींस, असें आधींच ठरवून दिलेलें असतें.

तेरा वर्षांच्या मुलाची परीक्षा समजूं शकते. चार वर्षांच्या मुलाची घेणें हा निराळाच मामला. बालवर्गापासूनच हुशार मुलांचे स्वतंत्र वर्ग न्यूयॉर्कमध्यें होते, पण प्रवेशाचे नियम ठिकठिकाणीं वेगळे. २००८ सालीं सर्व शहरास एकच कसोटी लावण्यांत आली : शंभरांत नव्वदांच्या पुढें असेल त्या मुलास आपल्या विभागांतील वर्गास अर्ज करतां येई, आणि सत्त्याण्णवांच्या पुढें असेल त्यास सर्व शहरासाठीं असलेल्या मोजक्या शाळांस. हेतु वशिलेबाजी मोडण्याचा होता. झालें असें कीं, सुखवस्तु आईबापांनीं चार वर्षांच्या मुलांना शिकवणी लावली, सरावाच्या वह्या घेतल्या. आणि कांहीं गरीब विभागांत वर्ग भरण्यापुरतीं देखील मुलें उत्तीर्ण झालीं नाहींत. ज्या मुलास अजून बुटाची नाडी बांधतां येत नाहीं, त्याच्या परीक्षेंत बुद्धीइतकेंच घरहि मोजलें जातें, हें सांगावयास मानसशास्त्रज्ञ कशाला हवा?

२०१३ सालीं तर या मापाचीहि फजिती झाली. गुण मोजणाऱ्या कंपनीनें मुलांचीं वयें दिवसांत धरावयाचीं तीं महिन्यांत धरलीं, आणखीहि चुका केल्या, आणि ४,७०० हून अधिक मुलांना त्यांच्या हक्काची पात्रता नाकारली गेली. निकालाचे आंकडे जुळत नाहींत, हें प्रथम ओळखलें तें पालकांनीं. घरच्या हिशेबवहीइतक्याच बारकाईनें निकालपत्र तपासणारे आईबाप नसते, तर त्या मुलांचें काय झालें असतें, कोण जाणे.

मोठ्या शाळांचा वाद २०१८ सालीं पुन्हां पेटला. मेयर डी ब्लाझिओ यांनीं परीक्षाच रद्द करण्याची सूचना मांडली. २०१९ सालीं स्टायव्हसंटनें देऊं केलेल्या ८९५ जागांपैकीं कृष्णवर्णीय मुलांना अवघ्या ७ मिळाल्या. हा आंकडा पाहून परीक्षेचे कैवारीहि क्षणभर गप्प झाले असतील. पण सूचनेविरुद्ध रस्त्यावर उतरले ते बहुतांशीं आशियाई वंशाचे पालक. त्यांतील कित्येकांची मिळकत तुटपुंजी. पोटास चिमटा घेऊन त्यांनीं मुलांच्या शिकवणीचे पैसे भरलेले. परीक्षा देऊन निवडलेल्यांत निम्म्याहून अधिक त्यांचीं मुलें होतीं. पूर्वीं यहुदी शिंप्यानें ज्या दाराकडे आशेनें पाहिलें, त्याच दाराशीं आतां हे उभे होते. एकाच्या न्यायांत दुसऱ्याचा अन्याय दडलेला, अशी ही गांठ आहे, आणि दोन्हीकडचे आईबाप खोटें बोलत नव्हते. विधिमंडळानें सूचना मंजूर केली नाहीं; १९७१ चा कायदा टिकला.

लहानग्यांची परीक्षा मात्र गेली. जानेवारी २०२१ मध्यें शिक्षणविषयक मंडळानें तिच्या कंत्राटास नकार दिला, आणि बालशिक्षकांच्या शिफारशीनंतर चिठ्ठ्या टाकून प्रवेश ठरूं लागले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डी ब्लाझिओ यांनीं हे वर्गच हळूहळू मिटविण्याचें जाहीर केलें. नवे मेयर ॲडम्स यांनीं एप्रिल २०२२ मध्यें तें फिरविलें. बालवर्गांत १०० आणि तिसरींत १,००० जागा त्यांनीं वाढविल्या. तिसरीच्या या जागांसाठीं प्रत्येक शाळेंतील दुसरीच्या वर्गांत गुणांनीं पहिल्या दहा टक्क्यांत येणारीं मुलें बोलावण्याचें ठरलें. मग ती शाळा कोणत्याहि वस्तींत असो.