रिकामं नळकांडं
परवा डोंबिवलीत गच्चीवरच्या गप्पांत एकाने विचारलं, यानं निर्जंतुक करण्यावर एवढा खर्च कशाला? मला जयंत नारळीकर आठवले.

२० एप्रिल २००५. हैदराबादहून इस्रोचा फुगा उडाला. सोबत निर्जंतुक केलेली स्टीलची १६ नळकांडी. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून खाली आणली. एका नळकांड्यात मात्र मुद्दाम हवा घेतलीच नाही. बाकी सोपस्कार तेच. त्यात जंतू सापडले असते तर घाण आपलीच! सापडले नाहीत.

बाकीच्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं. जीवसृष्टी अवकाशातून आली, हे हॉईल यांचंच म्हणणं. तरी २००९ साली जाहीर करताना काय सांगितलं? हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच, असं सिद्ध झालेलं नाही.