‘गॅसचं इंजेक्शन’ शिरेतून देताना कोणती काळजी घेतात?

लोणार सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा सामू म्हणजेच पीएच १० च्या आसपास असतो. अ‍ॅसिडिटीसाठी शिरेतून दिलं जाणारं पॅन्टोप्राझोलही विरघळवल्यावर जवळपास तितकंच, म्हणजे ९ ते १०.५ सामूचं असतं. आपल्या रक्ताचा सामू मात्र ७.४ च्या आसपास असतो. त्यामुळे लोक ज्याला सहज ‘गॅसचं इंजेक्शन’ म्हणतात, ते देताना काळजी घ्यावी लागते.

इंजेक्शन कसं देतात?

४० मिलिग्रॅमची पावडर १० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये विरघळवतात. द्रावण गढूळ दिसलं किंवा त्यात कण दिसले, तर ते वापरत नाहीत. शिरेत थेट देताना किमान दोन मिनिटं लागतात. १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून द्यायचं असेल, तर सुमारे १५ मिनिटं. रॅनिटिडीनही पातळ करून, किमान पाच मिनिटं घेऊन देतात. ते घाईने दिल्यास नाडी मंदावू शकते.

दुसऱ्या औषधात का मिसळत नाहीत?

पॅन्टोप्राझोल आम्लात टिकत नाही. दुसऱ्या औषधाशी एकत्र केल्यास साका तयार होऊ शकतो. म्हणून ते वेगळ्या सिरिंजमधून देतात आणि आधी व नंतर सलाईनने नळी धुतात.

सिस्टर आणखी काय पाहतात?

रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर आहे ना, पूर्वी या औषधाची अ‍ॅलर्जी झाली होती का, आणि सुई शिरेतच आहे ना. इंजेक्शन चालू असताना हात चुरचुरला, सुजला किंवा लाल झाला, तर लगेच सांगा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर क्षणभरही थांबू नका.

प्रत्येकाला इंजेक्शन लागतं का?

नाही. रक्ताची उलटी, गिळता न येणं, सततच्या उलट्या किंवा अतिदक्षता विभागातले काही रुग्ण, अशा वेळी ते दिलं जातं. गिळता येत असेल तर बहुतेकांना ४० मिलिग्रॅमची गोळी पुरते. इंजेक्शन सुरू असलेल्यांनाही शक्य होताच गोळीवर आणतात.

हे विसरू नका

छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, ही हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. ‘गॅस झालाय, एक इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरू नका. आधी ईसीजी काढून घ्या. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर घरी वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील.