उद्भासन, हस्तनियंत्रित (व्हिडिओ कॅमेरा)

संवेदकावर किती प्रकाश पडू द्यायचा हे यंत्रावर न सोपवता आयरिस (भिंगाचे छिद्र), शटर व गेन (संकेताची वाढ) हाताने ठरवण्याची पद्धत. स्वयंचलित मापन साधारणतः चौकटीतल्या उजेडाची सरासरी धरते. रायपूरला खारुन नदीकाठच्या महादेव घाटावर रात्रीचे गणेशविसर्जन टिपताना यातला धोका कळतो: भोवती काळोख म्हणून आयरिस उघडते आणि दिव्यांनी उजळलेला मूर्तीचा चेहरा पांढराफटक पडतो. जळालेला तपशील संपादनात परत मिळत नाही. म्हणून सेकंदाला २५ चौकटी असताना शटर १/५० वर बांधावे; भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची लुकलुक टळते. मग झेब्रा पट्टे (फार उजळ भागावर पडद्यात दिसणाऱ्या तिरप्या रेषा) पाहत मूर्तीच्या कपाळावर आयरिस जुळवावी. गेन अगदी शेवटी, कारण त्याने चित्रात दाणे उमटतात. भर दुपारच्या उन्हात मात्र प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर हवाच.