हसवणारा दिग्दर्शक : मास्टर विनायक

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्ही आम्ही सर्वांनीच ऐकलेली आहे. ज्याच्या घरी उपवर मुलगी आहे, त्याला तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १९४० साली या म्हणीचा उत्तरार्धच नाव म्हणून घेऊन एक मराठी बोलपट निघाला. बहिणीचे लग्न जमवताना भावाची होणारी तारांबळ, हा त्याचा विषय. आता खरे पाहता हा काही हसण्याचा विषय नव्हे. पण तो बोलपट लोकांनी डोक्यावर घेतला, पोट धरून हसले. त्याचे दिग्दर्शक होते विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजेच आपले मास्टर विनायक.

विनायकांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जानेवारी १९०६ चा. कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटाचे माहेरघर. शांताराम, बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर हे सारे त्यांच्या नात्यातले. तेव्हा ही विद्या घरातच होती म्हणाना! १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात नारद झाले होते ते हेच विनायक. पुढे प्रभात पुण्याला गेली, विनायक मात्र कोल्हापुरात राहिले. १९३५ साली त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'विलासी ईश्वर' दिग्दर्शित केला आणि १९३६ साली बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्याबरोबर 'हंस पिक्चर्स' ही संस्था उभी केली.

वाचकहो, विनायकांनी सुरुवातीपासून विनोदाचेच दुकान मांडले होते असे समजू नका. हंसचा पहिला बोलपट 'छाया' हा गंभीर होता आणि त्याची कथा वि. स. खांडेकरांची होती. १९३८ साली त्यांनी 'ज्वाला' काढला, तोही गंभीर. त्यावर पैसा पुष्कळ ओतला, पण लोकांनी पाठ फिरवली. त्याच वर्षीच्या 'ब्रह्मचारी'ने मात्र हंसला हात दिला. तो आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि हसवणारा.

'ब्रह्मचारी'ची गोष्ट अगदी साधी. औदुंबर नावाचा एक तरुण ब्रह्मचर्यावरचे जोरदार व्याख्यान ऐकतो. झाले! घरातली नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाचे साहित्य आणतो, एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. आणि मग किशोरी नावाची मुलगी त्याच्या समोर येते. पुढे काय होते ते सांगायला नकोच. किशोरीचे काम मीनाक्षीबाई शिरोडकरांनी केले. पोहण्याच्या पोशाखातल्या त्यांच्या गाण्याने त्या काळी मोठा गहजब झाला. त्या गहजबात एक गोष्ट मात्र झाकली गेली. औदुंबराचे सोंग घेतले होते खुद्द दिग्दर्शकाने. ज्याची फजिती करायची तो गडी विनायकांनी बाहेरून आणला नाही, ते स्वतःच त्या जागी उभे राहिले.

माझ्या मते विनायकांच्या विनोदाचे मर्म इथेच आहे. आपल्याकडे हसवणाऱ्यांची परंपरा काही कमी नाही. भारुडे आहेत, बहुरूपी आहेत, तमाशातला सोंगाड्या आहे. सोंगाड्या पाटलाला हसतो, सावकाराला हसतो आणि वेळ आली की स्वतःलाही सोडत नाही. विनायकांनी हीच रीत पडद्यावर आणली आणि तिचा रोख वळवला तो शिकल्यासवरल्या पांढरपेशा माणसाकडे. उसने विचार डोक्यावर घेऊन नाचणारा, बोलतो एक आणि करतो भलतेच, असा हा माणूस. १९३९ साली मुंबईत दारूबंदी आली आणि त्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' हा बोलपट आला. तोही अत्र्यांच्याच लेखणीचा. बगाराम नावाचा भोळा जीव आपल्या आवडत्या मुलीच्या आजारी भावासाठी ब्रँडी शोधत फिरतो. आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही! दामुअण्णा मालवणकरांनी हा बगाराम असा काही उभा केला की, त्याला हसता हसता त्याची कीवही यावी.

शिक्षकबंधूंना एक गंमत सांगतो. विनायकांचे प्रमुख लेखक तीन आणि तिघेही शिकवणारे. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. आणि 'लग्न पाहावे करून'मधल्या चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्याच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक. वर्गात कडक शिस्तीने जे सांगून पटत नाही, ते हसवून पटते, हे या मंडळींना पक्के ठाऊक असणार. हुंड्यावर शंभर व्याख्याने झाली असतील. पण वरपक्षाचे उंबरठे झिजवताना चिमणरावांची उडालेली त्रेधा पाहून हसणाऱ्याला हळूच आठवते की, अरे, गेल्या वर्षी आपणही असेच याद्या करत बसलो होतो!

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. १९४० साली हंसची जागा 'नवयुग'ने घेतली. तिथे 'सरकारी पाहुणे'मधून चिमणराव पुन्हा पडद्यावर आले. १९४३ साली विनायकांनी स्वतःची 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. संस्था बदलत गेल्या, पण माणुसकीची सावली त्यांनी आवरली नाही. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले, तेव्हा थोरली मुलगी लता जेमतेम बारा वर्षांची होती. त्या कुटुंबाला विनायकांनी आधार दिला, लताला आपल्या कंपनीत काम दिले. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, तेव्हा तीही मुंबईला आली. पुढचे काय ते सारा देश जाणतो.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर अवघ्या चार दिवसांनी, विनायक गेले. वय एक्केचाळीस. हातातला 'मंदिर' अर्धाच राहिला. तो दिनकर पाटलांनी पुरा केला आणि १९४८ साली लोकांसमोर आणला. त्यात एक लहान मूल पहिल्यांदाच पडद्यावर दिसले. ते विनायकांची मुलगी, पुढे हिंदी चित्रपटांत नाव काढणारी नंदा.

गंभीर चित्रे काढायची हौस असलेल्या या माणसाला लोकांनी लक्षात ठेवले ते हसवणारा म्हणून. यात त्यांचे उणे झाले असे मला वाटत नाही. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या जत्रेत एखादे प्रहसन बसवाल, तेव्हा एवढे जरूर पाहा : ज्याच्यावर हसायचे ते पात्र आपल्यातलेच आहे ना? आणि जमल्यास ते काम गुरुजींनी स्वतःच करावे.