‘म्हणजे’चा व्याप : खानदेशातील इंग्रजी अध्ययन आणि भाषांतराचा सराव

मराठी साहित्यावरील इंग्रजीच्या प्रभावाची चर्चा प्रायः वाङ्मयप्रकारांच्या पातळीवर होते. कादंबरी, निबंध, भावकविता, लघुकथा हे प्रकार कोठून आले आणि येथे आल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न तपशिलाने हाताळले गेले आहेत. हा प्रभाव ज्या जागी प्रथम देहधारी झाला, ती शाळकरी वही मात्र वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर राहिली. इंग्रजी व्याकरण घोटणे आणि शब्दार्थ पाठ करणे या क्रियांना शिक्षणशास्त्राच्या हवाली करून समीक्षा मोकळी झाली. त्या क्रियांमधून भाषेविषयीची जी धारणा घडली, ती मात्र साहित्यव्यवहारातही उतरली.

या सरावाचे मराठीतील प्रातिनिधिक साधन म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याशी नामसादृश्यामुळे तिची गल्लत अनेकदा होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या तीन भागांच्या पाठमालेने पिढ्यानपिढ्यांना इंग्रजी दिले. नियम, शब्दांची यादी, त्या यादीतील शब्दांची सुटी वाक्ये आणि त्यांचे उलटसुलट भाषांतर असा तिचा क्रम होता. वाक्यांना संदर्भ नसे. राजा, माळी, घोडा आणि शेजाऱ्याची बहीण ही मंडळी एकाच पानावर एकमेकांना न ओळखता नांदत. या पद्धतीचा कणा होता ‘म्हणजे’ हे अव्यय. ‘बॉय म्हणजे मुलगा’ असे घोकताना दोन भाषांत एकास एक समीकरण आहे, हा सिद्धान्त विद्यार्थी न कळत स्वीकारत असे. नेसफील्डचे व्याकरण आणि पुढे १९३५ पासून रेन-मार्टिनची जोडी आली, तरी मराठी शाळांतील इंग्रजीचा तास बव्हंशी भाषांतराचाच राहिला.

खानदेशात या समीकरणाला आणखी एक पदर होता. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव व पश्चिम खानदेशाचे धुळे झाले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडातील तिसऱ्या भागात ‘खानदेशी’ला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या सोबत स्थान देण्यात आले. हे वर्गीकरण वादग्रस्त आहे, आणि अहिराणीच्या अभ्यासकांनी त्यावर पुरेसे लिहिलेही आहे. परंतु एक विसंगती लक्षणीय ठरते. ज्या राजवटीचे सर्वेक्षण खानदेशीला मराठीपासून वेगळी काढत होते, त्याच राजवटीची शाळा खानदेशी मुलाची भाषा मराठीच आहे असे गृहीत धरून त्याला ‘इंग्रजी पहिली’त बसवत होती. चार इयत्ता प्रमाण मराठी गिरवायची आणि मग त्या मराठीतून इंग्रजीकडे जायचे, म्हणजे एका भाषांतराच्या पोटात दुसरे भाषांतर.

हा वळसा किती अनावश्यक होता, हे प्रत्यक्ष रूपे तपासली म्हणजे दिसते. प्रमाण मराठीत ‘तो करतो’, ‘ती करते’ असा वर्तमानकाळात लिंगभेद आहे. अहिराणीत ‘तो करस’, ‘ती करस’. क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. इंग्रजीतही ते बदलत नाही. म्हणजे अहिराणीभाषक मुलाने जो भेद घरी कधी पाळला नाही, तो आधी शाळेत शिकायचा आणि इंग्रजीच्या तासाला पुन्हा टाकून द्यायचा. शब्दसंग्रहाचेही तसेच. ‘सन’ आणि ‘बॉय’ या दोहोंपुढे यादीत ‘मुलगा’ हा एकच शब्द येतो, आणि विद्यार्थी दोन्हींची सरमिसळ करतो. अहिराणीत मात्र ‘आंडोर’ व ‘पोऱ्या’ असे दोन शब्द हाताशी आहेत, आणि त्यांतील भेद साधारणतः इंग्रजी भेदाला समांतर जातो. चालू क्रियेसाठी ‘करी ऱ्हायना’ हे स्वतंत्र रूप आहेच. साधा वर्तमान व चालू वर्तमान यांतील फरक, ज्यावर मराठी माध्यमातील वर्गात तासच्या तास खर्ची पडतात, तो येथे बोलीतूनच दाखवता आला असता. बोलीला वर्गाबाहेर ठेवण्याची किंमत केवळ भावनिक नव्हती. अध्यापनाच्या दृष्टीनेही तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. सातपुड्यातील पावरी वा भिल्ली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा वळसा आणखी लांबचा होता, हे सांगायला नको.

तथापि भाषांतराच्या सरावाला निव्वळ दोषच चिकटवणे अन्यायाचे होईल. धुळ्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते वि. का. राजवाडे (१९२६ साली त्यांचे तेथेच निधन झाले) यांनी १८९४ मध्ये पुण्याहून ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले होते. परकीय ज्ञान मराठीत आणणे हा त्यामागील कार्यक्रम. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला. (शीर्षकातही ‘म्हणजे’ आहेच, पण आता ते प्रश्नाच्या रूपात.) शाळेने परीक्षेसाठी लावलेली सवय येथे वाङ्मयीन साधन बनली आहे. मूळ रशियन ग्रंथ इंग्रजीच्या वाटेने खानदेशी वाचकापर्यंत पोचतो, ही गोष्ट त्या सवयीशिवाय घडती ना.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला गेला, आणि महाराष्ट्र राज्यात तो पुन्हा पाचवीवर आला. दरम्यान १९४५ साली जळगावचे मूळजी जेठा व अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये निघाली होती. शाळेत तुटपुंजे इंग्रजी मिळालेला विद्यार्थी आणि त्याच्यापुढे शेक्सपिअर ठेवणारा प्राध्यापक, अशी एक विलक्षण जोडी यातून तयार झाली. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’ (१९७५) ते ‘झूल’ (१९७९) या चतुष्टयाचा नायक चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक असावा, हा योगायोग नव्हे. त्याच्या भटकेपणाचा अन्वय समीक्षेने अस्तित्ववादी परिभाषेत पुष्कळ लावला. परंतु तासाबाहेर जी भाषा त्याच्या गावात कोणीच बोलत नाही, ती शिकवून पोट भरणाऱ्याची व्यावसायिक स्थिती त्या उपरेपणाच्या मुळाशी आहे, याकडे मात्र कमी लक्ष गेले. १९९० मध्ये नेमाड्यांनी मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तो इंग्रजीत. त्याच वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले.

२००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. अहिराणीभाषक मूल आता प्रमाण मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा एकाच वेळी गिरवू लागले. मधली पायरी निदान तत्त्वतः गळाली, आणि तिच्या जागी ‘आंडोर’ ठेवण्याची संधीही निर्माण झाली. फळ्यावर मात्र ‘बॉय’पुढे अजून ‘मुलगा’च लिहिला जातो.